कोळी आणि त्याचं जाळं: नैसर्गिक उजेडात फोटो काढताना आधी काय, नंतर काय

पाऊस ओसरला की ओळखीची मंडळी कोळ्यांचे फोटो पाठवायला लागतात आणि सोबत एकच प्रश्न असतो: डोळ्यांना एवढं सुंदर दिसलेलं जाळं फोटोत गेलं कुठं? फोटो उघडला की तीनपैकी एक गोष्ट हमखास दिसते. जाळं गायब असतं आणि कोळी हवेत टांगल्यासारखा दिसतो. नाहीतर मागच्या पानांच्या गर्दीत कोळी शोधावा लागतो. नाहीतर कोळी म्हणजे नुसता काळा ठिपका असतो आणि मागचं आभाळ पांढरंफटक.

यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. चुकतो तो क्रम. कोळी दिसला की पाय आपोआप त्याच्याकडे वळतात, आपण जवळ जातो आणि बटण दाबतो. जाळ्याच्या फोटोत हा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी मागचं दृश्य, मग उजेडाची दिशा, मग कॅमेऱ्याचा कोन, मग वारा आणि सगळ्यात शेवटी कोळी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ते गाळू नका आणि त्यांची अदलाबदलही करू नका.

उदाहरणं मी सह्याद्री आणि कोकणातली घेतली आहेत, कारण तिथली जाळी मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. फ्लॅश कुठेच वापरायचा नाही.

टप्पा १: कोणता कोळी, कोणती वेळ

गणपतीपासून दिवाळीनंतरच्या महिन्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पावसाळाभर वाढलेले कोळी तेव्हा पूर्ण आकाराचे झालेले असतात. ताम्हिणी, आंबोली, माथेरान अशा झाडीच्या भागात रस्त्याकडेलाच जायंट वूड स्पायडरची मीटरभर रुंद जाळी दिसू लागतात. या जाळ्याचा धागा खरोखर सोनेरी असतो. मधे बसलेली मोठी, लांब पायांची असते ती मादी. नर इतका बारका असतो की नवखा माणूस त्याला वेगळ्याच जातीचा कोळी समजतो.

सिग्नेचर स्पायडर तर शहरातल्या बागेतही भेटतो. पाय दोन-दोन जोडून तो फुलीसारखा बसतो आणि जाळ्यात पांढऱ्या रेशमाची नागमोडी पट्टी विणतो. मोकळ्या गवतात सकाळी दवाने भरलेल्या चादरी अंथरलेल्या दिसतात, त्यांच्या एका टोकाला नरसाळ्यासारखं भोक असतं. तीही कोळ्यांचीच जाळी. देशावर बाभळी-बोरींवर एकत्र राहणाऱ्या कोळ्यांची मळकट, लोकरीसारखी घरटी असतात. आणि घराच्या भिंतीवर, कुंडीतल्या पानांवर उड्या मारणारे बारके कोळी वर्षभर असतातच.

गोल जाळ्यांसाठी उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंतची वेळ धरा. ऊन तिरपं असतं आणि वारा अजून सुटलेला नसतो. संध्याकाळी चारनंतरचं ऊनही चालतं, पण तोवर जाळ्यात दिवसभराचा कचरा अडकलेला असतो आणि धागे तुटलेले असतात.

*तपासा:* आदल्या रात्री पाहिलेलं जाळं सकाळी असेलच असं नाही. काही कोळी संध्याकाळी जाळं विणतात आणि उजाडायच्या सुमारास ते गुंडाळून खाऊन टाकतात. त्यांचा फोटो हवा असेल तर दिवेलागणीच्या आधीचा शेवटचा उजेड गाठा. वूड स्पायडर मात्र अख्खं जाळं रोज काढत नाही. खराब झालेला भाग तेवढा नव्याने विणते, त्यामुळे तिची जागा आठवडेच्या आठवडे तीच राहते. शिकणाऱ्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी.

टप्पा २: आदल्या दिवशी जागेवर जाऊन या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते अर्धा फोटो इथेच ठरतो.

जाळ्याजवळ उभं राहा आणि पूर्व कुठे आहे ते बघा. जाळं तुमच्या आणि उगवत्या सूर्याच्या मधे येईल अशी उभं राहायची जागा आहे का? तिथे उतार, काटेरी झुडूप, गडगा (दगडांची बुटकी भिंत) असं काही आडवं येतं का? मग पूर्वेची झाडं किती उंच आहेत ते मोजा. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून झाडांच्या शेंड्यापर्यंत दोन मुठी भरल्या तर सूर्य २० अंश वर आल्यावरच तिथे ऊन पोचणार. आपल्याकडे ऑक्टोबरात एक मूठ चढायला सूर्याला साधारण पाऊण तास लागतो. म्हणजे साडेसहाच्या सुमाराला उगवलेला सूर्य आठच्या आसपास झाडांवर येईल. एवढा हिशेब केला की सकाळी दीड तास ताटकळत बसावं लागत नाही, आणि ऊन येऊन गेल्यावर पोचण्याची वेळही येत नाही.

जाळं कुणाच्या बागेत असेल तर आधी विचारून घ्या. "काका, गडग्याजवळ कोळ्याचं मोठं जाळं आहे, उद्या सकाळी तासभर तिथे बसू का?" एवढं विचारलं तर आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. पाणी कधी सोडणार तेही त्याच वेळी विचारा. ऊन यायला आणि बागेत तुषार सुरू व्हायला एकच गाठ पडली तर जाळं भिजून लोंबतं. अभयारण्य असेल तर परवानगी घ्या आणि वाट सोडू नका.

टप्पा ३: सोबत काय घ्यायचं

९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स असेल तर उत्तमच. नसेल तर किटमधली टेलिफोटो लेन्सही पूर्ण जाळ्यासाठी पुरते. ट्रायपॉड, लेन्सचा हूड, एक काळी छत्री, वहीच्या पानाएवढा पांढरा पुठ्ठा आणि जमिनीवर आडवं पडायला गोणपाट घ्या. बाकी काही नसलं तरी अडत नाही.

पायात बूट हवेतच. आपण वर जाळ्याकडे बघत चालतो आणि खाली पाचोळ्यात फुरसं हा विषारी साप असू शकतो. झुडपातली फांदी धरण्याआधीही नीट बघा, हिरवा चापडा साप पानांत दिसत नाही. पावसाच्या शेवटी घाटात जळवा असतात आणि गवतात गोचीड, त्यामुळे पँट मोज्यात खोचा. कोळी मात्र स्वतःहून अंगावर येत नाहीत. वूड स्पायडर आणि सिग्नेचर स्पायडरपासून माणसाला धोका नाही, तरी हातात घ्यायची गरजही नाही.

टप्पा ४: जाळ्याजवळ जाण्याआधी ताण शोधा

जाळ्याचं गोल चाक आपल्याला दिसतं. पण ज्या धाग्यांवर ते तोललेलं असतं ते ताण दीड-दोन मीटर लांब, वाटेच्या पलीकडच्या फांदीपर्यंत गेलेले असू शकतात. सगळ्यात जास्त जाळी इथेच मोडतात. ट्रायपॉडचा पाय, पाठीवरच्या पिशवीचा बंद, टोपीची कड यांतलं काहीही अडकतं.

तीन पावलं अलीकडे थांबा. खाली वाका आणि आभाळाकडे किंवा गडद सावलीकडे बघत डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. ताण चमकून जातात. वरचे दोन आणि बाजूचे दोन सापडल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. वूड स्पायडरच्या जाळ्याच्या पुढेमागे धाग्यांचं विस्कटलेलं कुंपणही असतं, तेही लक्षात ठेवा. पिशवी इथेच खाली ठेवा.

*इशारा:* फोटोत मधे येणारं पान तोडू नका. पहिल्या वर्षी मी हे केलं आहे. जाळ्याच्या खालच्या अंगाला एक वाळकं पान लोंबत होतं, डोळ्यांना खुपत होतं, म्हणून देठापाशी खुडलं. एक ताण त्याच पानाला बांधलेला होता. अर्धं जाळं ओल्या फडक्यासारखं दुमडून वर गेलं आणि मादी पळत फांदीत शिरली. एका संबंध रात्रीचं विणकाम मी दोन बोटांत मोडलं. तेव्हापासून पान आडवं आलं तर मी जागा बदलतो, पानाला हात लावत नाही.

टप्पा ५: आधी मागचं बघा

आता कॅमेरा गळ्यातच असू द्या. एक डोळा मिटा आणि जाळ्याच्या मागे काय आहे तेवढंच बघा. धागा केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. तो दिसायचा तर मागचं दृश्य त्याच्याहून बरंच गडद आणि एकसारखं हवं. आभाळ मागे आलं की धागा संपला. उन्हात चमकणारी पानं मागे आली की धागा त्यांत हरवला.

उत्तम पार्श्वभूमी म्हणजे सावलीतली झाडी, जाळ्यापासून निदान दोन-तीन मीटर मागे. काळपट बुंधा, दाट आमराईतला अंधार, विहिरीचा सावलीतला कठडा, उघड्या दारातून दिसणारा गोठ्याचा काळोख, काहीही चालतं. बहुतेक वेळा ती जागा तिथे असतेच, फक्त आपण चुकीच्या उंचीवर उभे असतो. गुडघ्यावर बसलं की आभाळ जाऊन झाडी येते, एक पाऊल डावीकडे सरकलं की चमकणारं पान बुंध्याआड जातं.

काहीच जमलं नाही तर काळी छत्री उघडून जाळ्यामागे मीटर-दीड मीटरवर सोबत्याला धरायला सांगा. तो ताणांच्या बाहेर उभा राहील आणि छत्रीची सावली जाळ्यावर पडणार नाही, एवढं बघा. मी हा उपाय क्वचित वापरतो. छत्रीचा सपाट काळा रंग फोटोत लगेच ओळखू येतो आणि कोळ्याचं घर कुठे आहे ते फोटोतून निघून जातं. झाडीचा हिरवट काळोख कधीही सरस.

टप्पा ६: उजेड कुठून हवा

ऊन पाठीवर घेऊन फोटो काढायची आपल्याला सवय असते. जाळ्याला ते चालत नाही. बारीक धागा आपल्यावर पडलेला उजेड मागे परतवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त पुढे, म्हणजे उजेड ज्या दिशेला चालला आहे त्याच दिशेला पसरवतो. म्हणून सूर्य जाळ्याच्या मागे, चौकटीच्या जरासा बाहेर असावा लागतो. तिथे उभं राहिलं की धागे पेटल्यासारखे उजळतात.

ही जागा कॅमेऱ्याशिवाय शोधायची. जाळ्यापासून दोन मीटरवर उभे राहा आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात एकेक पाऊल सरका. पाठीवर ऊन असताना जाळं जवळजवळ दिसत नाही. ऊन कानशिलावर आलं की काही धागे दिसू लागतात. ऊन कपाळावर आलं की सगळं चाक एकदम उमटतं. आणखी पुढे गेलात तर डोळे दिपतात आणि काहीच दिसत नाही. दिपण्याच्या एक-दोन पावलं अलीकडे थांबा, तीच तुमची जागा.

एका सकाळी सुपारीच्या बागेत मी असाच सरकत होतो. दोन झावळ्यांमधून उन्हाची एक तिरीप खाली आली होती आणि जाळ्याच्या वरच्या भागावर पडली होती. वूड स्पायडरच्या जाळ्याचं केंद्र मधोमध नसतं, वरच्या अंगाला असतं, त्यामुळे मादी नेमकी त्या तिरिपेत होती. खालचे धागे सावलीत विरत गेलेले. तिच्या पायांची पिवळी पेरं आतून उजळली होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर मला दवाचा एक चकचकीत थेंब दिसला, आणि तो थेंब चालू लागला. मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात राहून अडकलेले बारके किडे पळवणारा तो चंदेरी कोळी होता, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. मी बाजूने ऊन घेऊन उभा असतो तर तो दिसलाच नसता. दहा-बारा मिनिटांत तिरीप सरकली आणि सगळं विझलं. आदल्या दिवशीचा मुठींचा हिशेब याच दहा मिनिटांसाठी असतो.

सूर्य खूप खाली असताना आणि लेन्सचं तोंड मोठं उघडलेलं असताना फोकसबाहेरच्या धाग्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंगीत पट्टे येतात. कॅमेरा बिघडला असं समजू नका. इतक्या बारीक धाग्यावरून उजेड वळताना त्याचे रंग वेगळे होतात. ते आवडत असतील तर ठेवा, नको असतील तर एक पाऊल सरका.

बॅकलाइटमध्ये, म्हणजे असा मागून उजेड असताना, कोळ्याचं आपल्याकडचं अंग काळं पडतं. जवळचा फोटो हवा असेल तर पांढरा पुठ्ठा लेन्सच्या खाली, जाळ्यापासून हातभर अंतरावर, तिरका धरा. चांदीचा चकचकीत कागद नको, त्याने उजेडाचे ठिपके पडतात आणि कोळी बिचकतो.

*इशारा:* सूर्य लेन्ससमोर असताना डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. स्क्रीनवर बघा आणि सूर्य बुंध्याआड किंवा चौकटीबाहेर ठेवा.

*तपासा:* फोटोवर दुधाळ पडदा आल्यासारखा वाटतो का? मग ऊन थेट लेन्सच्या काचेवर पडतं आहे. हूड लावा, नाहीतर टोपीची सावली काचेवर पाडा. ती सावली जाळ्यावर मात्र जाऊ देऊ नका.

टप्पा ७: कॅमेऱ्याची पाठ जाळ्याला समांतर

अर्धं जाळं स्पष्ट आणि अर्धं धूसर येतं ते इथे चुकल्यामुळे. जाळं सपाट असतं, पण उभं सरळ क्वचितच असतं, बहुधा एका बाजूला कललेलं असतं. समोरून ते कळत नाही. म्हणून आधी बाजूला जाऊन बघा. तिथून अख्खं जाळं एका रेषेसारखं दिसतं आणि त्या रेषेचा कल कळतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनला तोच कल द्या.

पूर्ण मीटरभराचं जाळं घेताना थोडीफार चूक खपून जाते. जवळ गेलात की खपत नाही. दहा सेंटीमीटर रुंदीचा भाग फुल फ्रेम कॅमेऱ्यात भरला तर एफ ८ ला (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लेन्सचं तोंड बारीक) साधारण अर्ध्या सेंटीमीटर जाडीचाच पट्टा स्पष्ट येतो. वास्तव आकाराच्या मॅक्रोत, म्हणजे एकास एकला, तो पट्टा जेमतेम एक मिलिमीटर उरतो. म्हणून स्क्रीनवर चित्र मोठं करून आधी मधला धागा फोकस करा आणि मग फोकसला हात न लावता चारही कडा बघा. जी कड धूसर असेल त्या बाजूने कॅमेरा जरा पुढे किंवा मागे झुकवा. दोन-तीन वेळा करावं लागतं, मिनिटभराचं काम आहे.

टप्पा ८: आकडे

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. उन्हात उजळलेल्या जाळ्यासाठी सुरुवातीला एफ ८, १/२५० सेकंद आणि आयएसओ ४०० घ्या आणि फोटो बघून कमीजास्त करा. पूर्ण जाळ्याला एफ ५.६ सुद्धा पुरतं आणि मागची झाडी जास्त मऊ येते. स्पष्ट भाग वाढावा म्हणून एफ २२ वर जाऊ नका, फार बारीक तोंडाने सगळंच मऊ होतं आणि धाग्याची धार जाते.

मॅन्युअल नको असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ वा गडद यावा ते ठरवणारा आकडा) उणे एक ते उणे दोनच्या मधे ठेवा. मागचा अंधार बघून कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो सगळं उजळवतो आणि धागे जळून पांढरे होतात. सिग्नेचर स्पायडरची पांढरी पट्टी आणि त्याची चंदेरी पाठ सगळ्यात आधी जळते, म्हणून जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकून दाखवणारा इशारा चालू ठेवून तेवढाच भाग तपासा.

व्हाइट बॅलन्स डेलाइटवर कायम करा. ऑटोवर ठेवलात तर वूड स्पायडरचा सोनेरी धागा कॅमेरा परस्पर पांढरा करून टाकतो. लोक मला विचारतात, आमच्याकडच्या जाळ्याला सोनेरी रंग का नाही? रंग असतो, कॅमेऱ्याने पुसलेला असतो. शक्य असेल तर रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा.

टप्पा ९: वारा पडेपर्यंत थांबा

आपल्या गालाला वारा जाणवत नसला तरी जाळं हलत असतं. ट्रायपॉड असला तरी १/२०० च्या खाली जाऊ नका, कारण ट्रायपॉड कॅमेरा स्थिर ठेवतो, जाळं नाही. अगदी निवांत सकाळी, दवाने जड झालेलं जाळं निश्चल असेल तेव्हाच शटर सावकाश करा आणि आयएसओ उतरवा.

झुळूक ठरावीक लयीने येते. जाळं पुढे येतं, मागे जातं आणि क्षणभर मूळ जागी थांबतं. ऑटोफोकस बंद करा, मूळ जागेवर फोकस ठेवून द्या आणि थांबण्याच्या क्षणी पाच-सहा फोटोंची सलग मालिका घ्या. त्यातला एखादा तरी लागतो. वारा ज्या बाजूने येतो तिथे छत्री धरूनही फरक पडतो.

टप्पा १०: आता कोळी

इथवर आलात की मागचं दृश्य, उजेड, कोन आणि आकडे सगळं जुळलेलं असतं. आता जवळ जायचं. खाली वाकून, हळू, आणि आपली सावली कोळ्यावर पडू न देता. सावली पडली की त्याला पक्षी आल्यासारखं वाटतं. सिग्नेचर स्पायडर घाबरला की जाळं जोरजोरात हलवतो, ते थांबलं नाही तर पलीकडच्या बाजूला जातो, नाहीतर खाली उडी टाकतो. जाळं हलायला लागलं की तिथेच थिजून उभे राहा. पाच-दहा मिनिटांत तो मूळ जागी स्थिरावतो. पुढे रेटलंत तर फोटोही जातो आणि त्याची शिकारीची सकाळही.

दोन्ही अंगं बघा. कोळी जाळ्याच्या एका बाजूला, डोकं खाली करून बसतो, त्यामुळे एकीकडून पाठ आणि दुसरीकडून पोट दिसतं. पाठ रंगीत म्हणून सगळे तीच काढतात. पण ओळख पटवायला पोटाचा फोटो बराच उपयोगी पडतो, तोही घ्या. फोकस डोळ्यांवर किंवा निदान डोक्याच्या भागावर ठेवा, फुगीर पोटावर नको.

दव: वाट बघा, फवारू नका

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री दव चांगलं पडतं. दिवाळीनंतर थंडी वाढत जाते तशी गवतातल्या चादरी सकाळी थेंबांनी भरलेल्या मिळतात. त्यांच्यासाठी गोणपाटावर आडवं पडा, लेन्स गवताच्या उंचीवर आणा आणि सूर्य समोर घ्या. उभ्याने वरून काढलेला फोटो म्हणजे पांढरं फडकं दिसतं. खालून काढला की प्रत्येक थेंब वेगळा होतो. ऊन आल्यावर थेंब टिकायला वेळ फार कमी असतो, तेव्हा ऊन पोचण्याआधीच जागेवर असा.

फवाऱ्याने पाणी मारून हे साधायला जाऊ नका. गोल जाळ्याच्या चिकट धाग्यावर गोंदाचे सूक्ष्म मणी असतात. दव त्यांच्यावर हळूहळू, बारीक जमतं. फवाऱ्याचे थेंब मोठे आणि वेडेवाकडे बसतात, जाळं जड होऊन धागे एकमेकांना चिकटतात. जाळं दिसावं म्हणून पीठ किंवा पावडर उडवणं तर त्याहून वाईट, त्याने गोंद निकामी होतो आणि कोळी उपाशी राहतो. कोळ्याला पकडून फ्रिजमध्ये थंड करून फोटोसाठी ठेवण्याची पद्धतही कानावर आली आहे. असा फोटो मला कुणी पाठवू नये.

मोबाईलवर काढत असाल तर

मोबाईल जाळ्याच्या आरपार जाऊन मागच्या झाडावर फोकस करतो. यावर उपाय सोपा आहे. जाळ्याच्या कडेला, धाग्यांना न लागता, त्याच अंतरावर आपलं बोट धरा. स्क्रीनवर बोटाच्या जागी दाबून ठेवा म्हणजे फोकस कुलूपबंद होतो. मग बोट काढा आणि उजेडाची पट्टी बोटाने खाली ओढा, मागचं काळं होईपर्यंत. मॅक्रो मोड टाळा, त्यासाठी फोन इतका जवळ न्यावा लागतो की फोनचीच सावली पडते. दोन पट झूम करून वीतभर लांबून काढलेला फोटो चांगला येतो.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांसाठी क्रम थोडा वेगळा

त्यांना शिकारीचं जाळं नसतं, त्यामुळे बॅकलाइटची गरज नाही. त्यांना मोकळ्या सावलीतला मऊ उजेड हवा, सकाळी गॅलरीत असतो तसा. त्यांचे समोरचे दोन मोठे डोळे आरशासारखे असतात, त्यांत समोरचं सगळं उमटतं. आपल्या मागे उजळ आभाळ असेल तर कोळ्याच्या डोळ्यांत सुंदर चकाकी येते, आणि आपणच आभाळ अडवून उभे राहिलो तर डोळ्यांत आपली काळी आकृती येते. म्हणून जरा बाजूला बसा. लेन्स डोळ्यांच्या पातळीवर आणा. एफ ८, १/३२० आणि आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत. कोळ्याच्या मागे धावू नका. स्थिर बसलात तर तो स्वतःच वळून तुमच्याकडे रोखून बघतो, कधीकधी लेन्सच्या हूडवर उडीही मारतो. तेव्हा फुंकर मारू नका, पान पुढे करा, तो उतरतो.

निघताना

ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने, वाकून, बाहेर या. फोटो मिळाल्याच्या आनंदात माणूस सरळ उभा राहतो आणि डोक्यावरचा ताण तुटतो. बाहेर आलात की पिशवी उचलण्याआधी चारही ताण पुन्हा एकदा बघा.

मग वहीत चार ओळी लिहा: जागा, जाळ्याचं तोंड कोणत्या दिशेला, ऊन किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, मादीसोबत नर होता का. माझ्या वहीतली गेल्या ऑक्टोबरमधली नोंद अशी आहे: "गडग्यालगतची तिसरी सुपारी. जाळं उत्तरेकडे कललेलं. तिरीप ८.१० ला आली, ८.२२ ला गेली. नर दोन, एक वरच्या ताणावर. उद्या पावणेआठला गोणपाट टाकून बसायचं, दोन पावलं डावीकडे."